न वाढलेले पान
(रवीन्द्रनाथांच्या ‘गोरा’विषयी)

रवीन्द्रनाथांची ‘गोरा’ मी पहिल्यांदा हाती घेतली ती १९९१ साली, एम.ए.च्या परीक्षेच्या तोंडावर. मराठी अनुवाद होता, वाचनालयाची पाठीतून सुटलेली प्रत होती. सुरुवातीची प्रकरणे भराभर वाचली आणि एका जागी अडलो. गोरा आपल्या आईच्या खोलीत जेवायला नकार देतो, ती ती जागा. आईच्या हाताखाली लछमिया नावाची ख्रिस्ती दासी आहे, तिच्या हातचे पाणी त्या खोलीत चालते, म्हणून हा मुलगा तिथे पानावर बसत नाही. जिवलग मित्र विनय यालाही बसू देत नाही. मी पुस्तक मिटले. परीक्षेपुरते टिपण एका मित्राच्या वहीतून उतरून काढले. पुस्तक संपूर्ण वाचायला त्यानंतर सात वर्षे जावी लागली. असे का झाले ते पुढे सांगेन. आधी कादंबरीविषयी.

‘गोरा’वर जे लिहिले जाते ते बहुधा एकाच वाटेने जाते. हिंदुत्व आणि ब्राह्मोमत यांचा वाद, राष्ट्रवादाची चिकित्सा, ‘भारत म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर. हे सारे कादंबरीत आहेच. ‘प्रवासी’ मासिकात १९०७ पासून क्रमशः येऊन १९१० साली ती ग्रंथरूपाने निघाली. वंगभंगाच्या चळवळीचा ताप तेव्हा उतरला नव्हता, त्यामुळे तिच्यात वादविवादांची पानेच्या पाने असावीत यात नवल नाही. आमच्या वर्गातही ती अशीच शिकवली गेली: गोरा म्हणजे एक विचार, परेशबाबू म्हणजे दुसरा, आनंदमयी म्हणजे दोन्हींच्या पलीकडची भारतमाता. पण तीस वर्षे मुलांना शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे, की विचारांची भाषणे बाजूला ठेवून या कादंबरीतली माणसे कोणाच्या घरी वाढली आणि कोणाच्या हातचे जेवली एवढेच पाहत गेले, तर ती अधिक खोलवर उमगते. ‘गोरा’ ही मुळात सांभाळलेल्या मुलांची कादंबरी आहे. तिच्यात अशी एक नव्हे, तीन घरे आहेत, आणि तिन्ही घरांची परीक्षा स्वयंपाकघरात होते.

हा विषय रवीन्द्रनाथांना अचानक सुचलेला नाही. आपल्या भागातल्या वाचकाला ऐकून बरे वाटेल, की त्याचे एक मूळ आपल्या जवळच, कारवारच्या समुद्रकाठी आहे. १८८३ च्या सुमारास रवीन्द्रनाथ तिथे आपले वडील बंधू सत्येन्द्रनाथ यांच्याकडे राहिले होते. सत्येन्द्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. कारवारच्या त्या मुक्कामात तरुण रवीन्द्रनाथांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य लिहिले. सारे पाश तोडलेला एक संन्यासी आणि जिला कोणी शिवत नाही अशी एक पोरकी मुलगी, एवढाच त्याचा मामला. मुलगी त्याला बाप मानते, त्याला माया लागते, तो घाबरून तिला टाकून जातो आणि परत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. परक्याचे पोर हाती आले की माणसाच्या तत्त्वज्ञानाचे काय होते, हा प्रश्न बाविशीच्या आसपासच्या कवीला पडला तो इथे. ‘गोरा’त तोच प्रश्न पुन्हा आला आहे, फक्त पाव शतकानंतर आणि भरल्या घरात.

आता पहिले घर. हे आनंदमयीचे. कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. १८५७ च्या धामधुमीत कृष्णदयाल नोकरीनिमित्त इटाव्याला होते. शिपायांच्या भयाने पळालेली एक गोरी बाई रात्री त्यांच्या आश्रयाला आली. नवरा घाबरला, तेव्हा आनंदमयीने त्याच्या नकळत तिला गोठ्यात लपवले. त्याच रात्री ती बाळंत झाली आणि गेली. बाप आयरिश, तो लढाईत मेलेला. कृष्णदयालांना ते पोर पाद्र्याच्या स्वाधीन करायचे होते, आनंदमयीने दिले नाही. ती काशीच्या पंडितघराण्यातली, शिवपूजा करणारी स्त्री. ते पोर मांडीवर घेतले आणि तिचा सोवळ्याओवळ्याचा सगळा आचार त्याच घटकेला गळून पडला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, आणि ‘गोरा’वरील मराठी लेखनात ती मला कुठे आढळली नाही. १८५७ चा उठाव ज्या कारणांनी पेटला त्यांत दत्तक नामंजुरी हे एक मोठे कारण होते. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरात मरणापूर्वी एक दिवस दत्तक घेतला, कंपनी सरकारने तो मानला नाही आणि संस्थान खालसा केले. आपल्या जिल्ह्याला याचा धडा त्याच्याही तीस वर्षे आधी मिळाला होता. कित्तूरचा दत्तक सरकारने नाकारला, राणी चन्नम्मा उभी राहिली आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या दारात पडला. म्हणजे ज्या राज्याने हिंदूंच्या मांडीवरचे दत्तक नाकारले, त्याच राज्याविरुद्धच्या वणव्यात त्याच राज्याचे एक मूल एका ब्राह्मणीच्या मांडीवर आले, आणि तिने कोणाची मंजुरी विचारली नाही. रवीन्द्रनाथ हे कुठे बोलून दाखवत नाहीत, पण गोराचा जन्म त्या सालात ठेवणाऱ्या लेखकाला हे सुचले नसेल असे मला वाटत नाही.

आपली जुनी दत्तकाची कल्पना तपासून पाहा. दत्तक घ्यायचा तो वंशासाठी, पिंडासाठी. शक्यतो भावकीतला, जातीतला तर हवाच. सयाजीरावांना १८७५ साली कवळाण्याहून बडोद्याला नेले तेही घराण्याच्या नात्यानेच. आनंदमयीने जे केले त्याला शास्त्रात नाव नाही. होम नाही, दानविधी नाही, गोत्र नाही. तिने मूल ‘घेतले’ नाही, फक्त ठेवून घेतले. म्हणूनच अखेरीस आजारी कृष्णदयाल गोराला सांगतात, की माझ्या श्राद्धाचा अधिकार तुला नाही. पिंडासाठी जे दत्तक नव्हते ते पिंडाच्या वेळी उघडे पडते.

या घराचा नकाशा जेवणावरून काढता येतो. कृष्णदयालांनी तारुण्यात पलटणीतल्या गोऱ्यांबरोबर मद्यमांस सेवन केले. बायको देवपूजा करी तर तिची थट्टा केली. उतारवयात मात्र ते इतके कडक झाले, की आपल्या भागात त्यांनी स्वतंत्र साधनाश्रम थाटला. त्यांचे जेवण वेगळे, पूजाघराकडे गोराला मज्जाव. गोरा समजतो, वडील कर्मठ आहेत. खरे कारण त्यांना आणि आनंदमयीलाच ठाऊक. आनंदमयीच्या खोलीत सर्वांना मुक्तद्वार, पण तिथे गोराच येऊन जेवत नाही. म्हणजे एका छपराखाली बाप मुलाला विटाळ मानतो आणि मुलगा आईला. मधे आई दोघांचेही सोसते, आणि का सोसते ते सांगू शकत नाही. मुलाचे नावही पाहा. गौरमोहनचा गोरा. बंगालीत काय, मराठीत काय, गोरा म्हणजे गोरा शिपाईही. जे गुपित जिवापाड जपायचे त्याच नावाने घरातले सगळे त्याला रोज हाक मारतात! वर्गात हे सांगितले की मुले हसतात, आणि मग एकदम गप्प होतात.

दुसरे घर परेशबाबूंचे. सुचरिता आणि तिचा धाकटा भाऊ सतीश ही परेशबाबूंच्या दिवंगत मित्राची मुले. घर ब्राह्मो, सुधारलेले, मूर्ती न मानणारे. पण मुलीचे मूळचे नाव राधाराणी. त्याला वैष्णवपणाचा वास येतो म्हणून गृहिणी वरदासुंदरी ते बदलून सुचरिता ठेवते. सुधारकाच्या घरीदेखील सांभाळलेल्या मुलाकडून पहिली वसुली होते ती नावाची, ही नोंद रवीन्द्रनाथ जाता जाता करून ठेवतात. पुढे सुचरितेची मावशी हरिमोहिनी येते. विधवा, सोवळी, आपला ठाकूर बरोबर घेऊन आलेली. ब्राह्मोंच्या घरचे पाणी तिला चालत नाही. वरदासुंदरी तिचे जिणे नकोसे करते, आणि जिला आजवर शिवाशिव ठाऊक नव्हती ती सुचरिता मावशीला एकटे वाटू नये म्हणून तिचे आचार पाळू लागते. मला हा भाग फार सूक्ष्म वाटतो. एकीकडे सोवळे मोडणारी आनंदमयी, दुसरीकडे सोवळे स्वीकारणारी सुचरिता, आणि दोघींचे कारण एकच, समोरच्या माणसाची माया. तेव्हा आचार पाळला की मोडला यावरून माणसाची किंमत ठरत नाही, कोणासाठी पाळला वा मोडला यावरून ठरते, असा या दोन घरांचा मिळून अर्थ होतो. परेशबाबूंनी तो ओळखला. सुचरितेच्याच बापाच्या पैशातून घर घेऊन त्यांनी मावशी-भाचीची स्वतंत्र सोय लावली. आपण सांभाळलेल्या मुलीला आपल्याहून वेगळे होऊ देणे हे सांभाळण्यातले सर्वांत अवघड काम आहे, आणि अख्ख्या कादंबरीत ते एकट्या परेशबाबूंना साधले आहे. उलट हरिमोहिनी, स्वतःचे घर मिळताच, भाचीला मुठीत धरू पाहते. रक्ताचे नाते तिचे आहे, पण हात परेशबाबूंचा मोकळा आहे.

तिसरे घर आहे एका न्हाव्याचे, आणि ते पुरती दहा पानेसुद्धा टिकत नाही. तरी मला विचाराल तर कादंबरीचा कणा तिथे आहे. गोरा खेड्यापाड्यांतून हिंडत निळीच्या मळ्याच्या जुलमाने पिचलेल्या एका मुसलमान वस्तीत येतो. तिथे हिंदूचे घर एकच, हे न्हाव्याचे. त्या घरात एक मुसलमान पोर वाढते आहे. बाप फरू सरदार तुरुंगात गेला, घरी अन्न नाही, पोर न्हाव्याच्या बायकोला गावच्या नात्याने मावशी म्हणते, तेव्हा तिने त्याला आणून ठेवले, झाले. गोराचा सोबती रमापती तिथले पाणी प्यायला तयार नाही. जवळ दुसरे ‘शुद्ध’ घर आहे ते मळ्याच्या तहसीलदाराचे. तो ब्राह्मण आहे आणि गावावरच्या जुलमाचा हातही तोच आहे. गोरा तहानेने व्याकूळ आहे. ज्याने पोर सांभाळले त्याच्या घरचे पाणी बाटवणारे आणि ज्याने त्या पोराचा बाप देशोधडीला लावला त्याच्या घरचे अन्न पवित्र, हा हिशेब त्याच्या घशाखाली उतरत नाही. रमापतीला तिकडे सोडून तो परततो, न्हाव्याचा लोटा स्वतः घासतो, विहिरीचे पाणी काढून पितो आणि घरात असतील ते डाळ-तांदूळ मागून घेऊन स्वतः रांधायला बसतो.

‘गोरा’वर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. आपण ब्राह्मण नाही, हिंदूही नाही हे कळल्यावर गोरा सोवळे सोडतो, यात त्याचा मोठेपणा काय? जन्माचे गुपित फुटले नसते तर तो तसाच राहिला असता. म्हणजे लेखकाने प्रश्न सोडवला नाही, दैवाकडून सोडवून घेतला. आक्षेप वजनदार आहे, मीही वर्गात तो मांडतो. त्याला उत्तर या न्हाव्याच्या घरी आहे. तो लोटा गोराने घासला तेव्हा त्याला आपल्या जन्माची काही वार्ता नव्हती. पण उत्तर अर्धेच आहे. त्याने लोटा घासून घेतला, रांधले स्वतःच. पुढे तुरुंगातून सुटल्यावर तो प्रायश्चित्ताची तयारीही करतो. म्हणजे पाय उचलला होता, टाकला नव्हता. शेवटच्या घटकेला दैवाने मागून ढकलले हे कबूलच केले पाहिजे.

आता माझे स्वतःचे आक्षेप. ते दोन आहेत.

पहिला लछमियाविषयी. गोराला देवी आल्या तेव्हा याच बाईने त्याला शुश्रूषा करून वाचवले, असे आनंदमयी सांगते. त्याच लछमियाला पेन्शन देऊन काढून टाक, असे गोरा आईला सुचवतो. कादंबरीच्या अखेरीस तो आईच्या पायांवर डोके ठेवतो आणि म्हणतो, लछमियाला बोलाव, मला पाणी आणून द्यायला सांग. वाचकाचे डोळे भरून येतात, माझेही येतात. पण ओळी नीट वाचा. पाणी मागितले जाते, ते येताना मात्र दिसत नाही. आनंदमयी आता विनयला बोलावणे पाठवू का असे विचारते आणि कादंबरी संपते. जिच्या हातच्या पाण्यावरून सातशे पानांचा वाद झाला ती बाई उंबऱ्यात येत नाही, तिला एक वाक्य मिळत नाही. ती खूश झाली की तिला राग आला, इतक्या वर्षांनी आठवण झाली का असे ती म्हणाली का, कोण जाणे. गोरा मुक्त झाला तो तिला पाणी आणायला सांगून. तिला पाणी देऊन नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आनंदमयीविषयी आहे. तिच्याविषयी वावगे लिहिताना हात कचरतो. तरी लिहितो. त्या घरात गोठ्यात मेलेल्या त्या आयरिश आईसाठी काही नाही. तिचे नाव गोराला मिळत नाही. घरात देवांची पूजा होते, पितरांची श्राद्धे होतात, पण पंचवीसएक वर्षांत त्या बाईच्या नावाने एक दिवा लागल्याचे, एक पान वाढल्याचे कादंबरीत कुठे येत नाही. गुपित राखायचे तर उघडपणे ते शक्य नव्हते, हे खरे. मूल हिरावले जाईल ही धास्तीही खरी. परंतु अखेरीस गुपित फुटल्यावरही गोरा आपल्या त्या आईविषयी चार शब्द विचारत नाही. तो एका क्षणात संपूर्ण भारताचा होतो आणि अवघ्या जातींच्या अन्नावर आपला हक्क सांगतो. ज्या बाईने त्याला जन्म दिला तिच्या देशाचे अन्न, तिचा सण, तिची प्रार्थना यांना मात्र त्या विशाल ताटात जागा नाही. रवीन्द्रनाथांना भारताचे चित्र पुरे करायचे होते, त्यात ती बाई गोठ्यातच राहिली.

इथे आपल्याकडचे एक घर आठवते. ‘गोरा’ लिहिली जाण्याच्या तीन दशकांहून अधिक आधीचे, आणि ते कादंबरीतले नाही. १८७४ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला मानला. तोच यशवंत. आनंदमयीच्या उलट्या दिशेने केलेली ही कृती होती, आणि तिच्यात गुपित काही नव्हते. कोणाचा मुलगा, कुठून आला, सारे गावाला ठाऊक. त्याची किंमतही द्यावी लागली. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भावकीने वाद घातला आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले, असे चरित्रकार सांगतात. कृष्णदयालांनी श्राद्धाचा अधिकार नाकारला तोच हा प्रसंग, पण इथे आई गप्प बसली नाही. सत्य आधीपासून उघड असले की आईला बोलता येते, एवढा धडा यातून मी घेतो.

आता १९९१ साली पुस्तक का मिटले ते सांगतो.

माझे आईवडील खानापूर तालुक्यातले मराठा शेतमजूर. पोटामागे कित्तूरच्या बाजूच्या एका कन्नड गावी गेले. आई दुसऱ्या बाळंतपणात गेली, वर्षाच्या आत वडील काविळीने गेले. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. ज्यांच्या शेतावर ते राबत त्या लिंगायत जोडप्याला मूल नव्हते. त्यांनी मला ठेवून घेतले. मी त्यांना अव्वा आणि अप्पा म्हणत वाढलो. घरात जोंधळ्याची रोट्टी, पंचमीला शेंगांची उंडी आणि झोपाळा, संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल. गळ्यात लिंग बांधणारे घर, तेव्हा मासळी-मटणाचे नावही नाही. माझ्यापासून काहीही लपवलेले नव्हते. कोणी विचारले की अव्वा म्हणे, ‘नम्म हुडुगा’, आमचा पोरगा, आणि पुढच्याच श्वासात म्हणे, ‘अवन तायि मराठी’, ह्याची आई मराठी. दोन्ही वाक्यांत तिला विरोध वाटत नसे.

महानवमीच्या अमावास्येला आमच्याकडे घरातल्या थोरांच्या नावाने एडे ठेवत, म्हणजे नैवेद्य. सर्वपित्रीचाच तो दिवस. आत अप्पांच्या आईवडिलांची पाने मांडून झाली की अव्वा गल्लीतल्या एका मराठा काकूंना हाक मारी. काकू आपल्या घरून सुकटीचे कालवण आणि भाकरी करून आणीत. परसात पेरूच्या झाडाखाली अव्वा केळीचे पान मांडी, काकूंच्या हातून त्यावर ते वाढवून घेई, आणि पदर नाकाशी धरून मला म्हणे, नमस्कार कर, तुझ्या बापाला हे आवडत होते. सुकटीचा वास तिला सोसत नसे. पण ते पान एकाही वर्षी चुकले नाही. आणि मी सहा वर्षांचा झालो तेव्हा, दारातली कन्नड शाळा सोडून, दोन मैलांवरच्या मराठी शाळेत तिने माझे नाव घातले. तिला स्वतःला कोणतेच अक्षर वाचता येत नव्हते. आज मी मराठी हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे, तो एका कन्नड बाईने माझ्या मेलेल्या आईचा शब्द राखला म्हणून.

१९८६ साल आले. कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाचे ते दिवस. मी सतरा वर्षांचा, बेळगावात शिकायला, खोली करून राहत होतो. गोळीबार झाले, माणसे मेली, आमची डोकी पेटली. मराठीवर अन्याय होत होता हे मी आजही म्हणतो. पण त्या महिन्यात मी घरी गेलो आणि अव्वाशी कन्नड बोलायचे सोडले. ती कन्नडमध्ये विचारी, मी मराठीत उत्तर देई, तेही तुटक. तिला मराठी बेताचेच येत होते. दोन दिवस ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी रात्री ताट पुढे ठेवून, शब्द जुळवत, मोडक्या मराठीत म्हणाली, ‘जेव बाळा, भाकर निवतो.’ लिंग चुकले होते. मी, तिच्याच पैशाने व्याकरण शिकलेला मुलगा, मनात ते दुरुस्त केले आणि जेवलो.

पाच वर्षांनी ‘गोरा’त आईच्या खोलीत न जेवणारा मुलगा भेटला, तेव्हा मला पुढे वाचवेना ते यामुळे. गोराने आईचे अन्न नाकारले, मी तिची भाषा नाकारली. त्याला निदान काही ठाऊक नव्हते. मला सगळे ठाऊक होते.

१९९८ साली अप्पा गेले. माती देताना भावकीतल्या कोणी हटकले, हा मराठ्याचा, ह्याचा हात कशाला. मी मागे सरलो. अव्वा पुढे आली, माझ्या ओंजळीत माती भरली आणि माझा हात धरून तिने ती टाकायला लावली. त्या वर्षी मी ‘गोरा’ अथपासून इतिपर्यंत वाचली. आनंदमयी मला पटली, फार आवडली, तरी पुरती वाटली नाही. कारण परसातले ते पान मी पाहिले होते.

एखाद्या समीक्षकाला हे वैयक्तिक वाटेल. आपल्या घरचे माप घेऊन रवीन्द्रनाथांना मोजणे अन्यायाचे, असेही कोणी म्हणेल. माझे म्हणणे इतकेच, की थोर कादंबरी वाचकाला आपले माप आणायला लावते, आणि ‘गोरा’ तशी आहे म्हणून तिच्यात काय नाही हेही ठळक दिसते. काळही पुढे आला आहे. १९५६ च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. २००० चा बाल न्याय कायदा, त्यातली २००६ ची दुरुस्ती आणि पुढे २०१५ चा नवा कायदा यांनी धर्म कोणताही असो, मूल दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. आता तर दत्तक मुलाला मोठेपणी आपल्या मुळाचा शोध घेण्याची रीतसर तरतूद नियमांत आहे. गोराला जे पंचवीस वर्षे कळू दिले नाही ते विचारण्याची मुभा आज कायदा देतो. पण कायदा कागद देईल. पान कोणी मांडायचे, हे ज्या त्या घराने ठरवायचे आहे.

आम्ही सीमाभागातली माणसे. जिभेवर दोन भाषा, ताटात पुरणपोळीशेजारी कडबू, आणि मनात सत्तर वर्षांहून जुनी तक्रार. ही तक्रार खरी आहे, तिच्यासाठी भांडायचे ते भांडूच. पण ‘गोरा’ मी दरवर्षी दहावीच्या मुलांना गोष्टरूपाने सांगतो तेव्हा शेवटी एकच प्रश्न विचारतो: लछमियाने पाणी आणले असेल का? मुले सहसा म्हणतात, आणले असेल. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, तिने आणले असेल. पण आधी गोराने तिला विचारायला पाहिजे होते, तुला तहान लागली आहे का म्हणून.’

अव्वा २०११ साली गेली. महानवमीच्या अमावास्येला आता माझ्या घरी दोन पाने मांडतो. एकावर सुकट, ती परसात. दुसरे आत, देवासमोर, त्यावर जोंधळ्याची रोट्टी आणि एण्णगायी. माझ्या मुलांना मी दोन्ही पानांना नमस्कार करायला लावतो, आणि आतल्या पानापाशी उभा राहून तिच्याशी दोन शब्द बोलतो. ते कन्नडमध्ये.